वायूंचे अभिज्ञान
वायूंचे अभिज्ञान : एखाद्या पात्रात, नळीत किंवा बंदिस्त जागेत असलेला वायू कोणता आहे, हे त्याच्या भौतिक गुणधर्मांवरून आणि ठराविक रासायनिक विक्रियांवरून निश्चित करणे म्हणजे वायूचे अभिज्ञान होय. घन व द्रव पदार्थ डोळ्यांना दिसतात, हाताळता येतात व वेगळे काढून ठेवता येतात. बहुतेक सामान्य वायू मात्र रंगहीन असून ते हवेत सर्व प्रमाणांत मिसळतात. त्यामुळे त्यांची ओळख अप्रत्यक्षपणे, म्हणजे ते ज्योतीवर, रंजकावर किंवा एखाद्या विद्रावावर काय परिणाम करतात ते पाहून, पटवावी लागते. यासाठी लागणारे साहित्य अगदी साधे असते. परीक्षानलिका, लाकडी काडी, लिटमस कागद, चुन्याची निवळी आणि आठ-दहा विक्रियाकारक एवढ्यावर माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेतही हे काम होऊ शकते.

प्रत्येक चाचणी वायूच्या एखाद्याच गुणधर्माविषयी माहिती देते. पेटती काडी विझली, तर तो वायू ज्वलनास मदत करीत नाही एवढेच सिद्ध होते. तो कार्बन डाय-ऑक्साइडच आहे असे सिद्ध होत नाही. चाचणी काय सांगते याबरोबरच ती काय सांगत नाही हे माहीत असणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते. प्रयोगशाळेत या बाबतीत गफलत झाली, तर निष्कर्ष चुकतो. विहिरीत, पेवात किंवा मैलाटाकीत झाली, तर माणूस दगावतो.

इतिहास : वायू हे हवेचेच प्रकार नसून ते वेगवेगळे पदार्थ आहेत, ही कल्पना सतराव्या शतकात यान बाप्टिस्टा व्हान हेल्माँट या फ्लेमिश वैद्यांनी मांडली व ‘गॅस’ ही संज्ञाही त्यांनीच रूढ केली. जोझेफ ब्लॅक या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञांनी १७५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात चुनखडी व तत्सम पदार्थांपासून निघणारा वायू हवेपेक्षा वेगळा असून तो चुन्याची निवळी गढूळ करतो, असे दाखविले. उच्छ्वासातही हाच वायू असतो हे त्यांनी याच चाचणीने ओळखले. हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७६६ मध्ये हायड्रोजनाचे, डॅन्येल रदरफर्ड यांनी १७७२ मध्ये नायट्रोजनाचे व कार्ल व्हिल्हेल्म शेले यांनी १७७४ मध्ये क्लोरिनाचे वर्णन केले. जोझेफ प्रीस्टली यांनी १ ऑगस्ट १७७४ रोजी पाऱ्याच्या तांबड्या ऑक्साइडावर भिंगाने सूर्यकिरण एकवटून ऑक्सिजन मिळविला. या वायूत मेणबत्ती अतिशय तेजाने जळते हे त्यांचे निरीक्षण म्हणजेच आजच्या धुमसत्या काडीच्या चाचणीचे मूळ होय. त्यापूर्वी त्यांनी हवेत नायट्रिक ऑक्साइड मिसळल्यावर आकारमानात किती घट होते ते मोजून हवेचा चांगुलपणा ठरविण्याची एक रीत काढली होती. परिमाणात्मक वायु-विश्लेषणाच्या आद्य प्रयत्नांत तिची गणना होते. सर हंफ्री डेव्ही यांनी १८१५ मध्ये कोळशाच्या खाणींसाठी तयार केलेला निर्धोक दिवा हे प्रयोगशाळेतील ज्ञान कामगारांच्या संरक्षणासाठी वापरल्याचे ठळक उदाहरण आहे.

पूर्वतयारी : चाचणीपूर्वी वायू शक्य तेवढा शुद्ध मिळविणे आवश्यक असते. पाण्यात अल्प विद्राव्य असलेले हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन, मिथेन हे वायू पाण्याने भरलेल्या उपड्या वायुपात्रात गोळा करतात. अमोनिया पाण्यात अतिशय विद्राव्य (२०° से. तापमानास एक घनफळ पाण्यात सु. ७०० घनफळे) व हवेपेक्षा हलका असल्याने तो कोरड्या उपड्या पात्रात जमा करतात. क्लोरीन व सल्फर डाय-ऑक्साइड हे जड वायू सुलट्या पात्रात तळापर्यंत नळी सोडून गोळा करतात. उपकरणातून प्रथम बाहेर पडणाऱ्या वायूत हवा मिसळलेली असते, म्हणून तो टाकून देतात. हायड्रोजनाच्या बाबतीत हे विशेष काळजीने करावे लागते. हवेत सु. ४ ते ७५ टक्के हायड्रोजन असल्यास मिश्रण स्फोटक बनते आणि ज्योत नळीवाटे मागे जाऊन काचेचे उपकरण फुटू शकते.

भौतिक गुणधर्म : रंग पाहताच काही शक्यता गळून पडतात. क्लोरीन पिवळसर हिरवा, तर नायट्रोजन डाय-ऑक्साइड तांबूस तपकिरी असतो. ब्रोमिनाची वाफही तांबूस तपकिरी असते, परंतु तिने ओला स्टार्च कागद पिवळसर नारिंगी होतो. नायट्रोजन डाय-ऑक्साइडामुळे तसा बदल होत नाही. नायट्रिक ऑक्साइड रंगहीन असतो व हवा लागताच तपकिरी होतो. हा बदल एवढा वैशिष्ट्यपूर्ण आहे की, या वायूसाठी दुसरी चाचणी क्वचितच लागते.

वास हे जुने पण फसवे साधन आहे. अमोनियाचा झणझणीत, हायड्रोजन सल्फाइडाचा सडक्या अंड्यासारखा व सल्फर डाय-ऑक्साइडाचा जळत्या गंधकासारखा वास सहज ओळखू येतो. मात्र पात्राच्या तोंडाशी नाक नेऊन वास घेणे धोक्याचे आहे. हाताने वारा घालून वायूची झुळूक नाकाकडे आणावी. हायड्रोजन सल्फाइड हवेत दशलक्ष भागांत एका भागाहूनही कमी असला, तरी त्याचा वास येतो. परंतु हे प्रमाण सु. १०० भागांपर्यंत वाढले की, घ्राणेंद्रिय बधिर होऊन वास येईनासा होतो. वास थांबला म्हणजे वायू गेला असे समजणे म्हणूनच घातक ठरते. कार्बन मोनॉक्साइडाला तर वासच नसतो. घरगुती इंधन वायूत (प्रोपेन व ब्युटेन) गळती लक्षात यावी म्हणून एथिल मरकॅप्टन हे उग्र वासाचे संयुग मुद्दाम मिसळतात. गळतीची जागा शोधण्यासाठी सांध्यावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहतात. काडी ओढून पाहणे म्हणजे अपघाताला आमंत्रण होय.

ज्वलनावर आधारलेल्या चाचण्या : पेटती किंवा धुमसती लाकडी काडी वायूत धरल्यास तीन प्रकारचे परिणाम दिसतात. वायू काडीला अधिक तेजाने जाळतो, स्वतः पेटतो किंवा काडी विझवितो.

धुमसती काडी ऑक्सिजनात भडकून पेटते. नायट्रस ऑक्साइडातही ती पेटते, पण हा वायू गोडसर वासाचा व थंड पाण्यात बराच विद्राव्य असतो. शिवाय नायट्रिक ऑक्साइडाबरोबर ऑक्सिजन लगेच तपकिरी धूर देतो, नायट्रस ऑक्साइड देत नाही.

हायड्रोजनाच्या परीक्षानलिकेच्या तोंडाशी पेटती काडी नेल्यास ‘पॉप्’ असा लहानसा स्फोटक आवाज होतो. शुद्ध हायड्रोजन मात्र शांतपणे, जवळजवळ न दिसणाऱ्या फिकट निळ्या ज्योतीने जळतो. आवाज हा हवेच्या मिश्रणामुळे होतो. ज्योतीवर थंड, कोरडी काच धरल्यास तीवर पाण्याचे थेंब जमतात. हे पाणीच आहे हे निर्जल कॉपर सल्फेटाची पांढरी पूड निळी होते यावरून ठरवितात.

मिथेन व कार्बन मोनॉक्साइड हेही निळसर ज्योतीने जळतात. त्यांच्यातील फरक ज्वलनानंतर उरलेल्या पदार्थांवरून कळतो. हायड्रोजनापासून केवळ पाणी, कार्बन मोनॉक्साइडापासून केवळ कार्बन डाय-ऑक्साइड आणि मिथेनापासून दोन्ही तयार होतात. म्हणून ज्वलनानंतर काचेवर दव येते का आणि पात्रात हलविलेली चुन्याची निवळी दुधाळ होते का, हे दोन प्रश्न विचारले की, या तीन ज्वलनशील वायूंची ओळख पटते. एथिलीन व ॲसिटिलीन हे वायू ब्रोमिनाच्या पाण्याचा रंग घालवितात, मिथेन अंधारात तो घालवीत नाही. ॲसिटिलिनाने अमोनियायुक्त क्युप्रस क्लोराइडाच्या विद्रावात तांबडा साका मिळतो. हा साका वाळल्यावर स्फोटक असतो, म्हणून तो ओला असतानाच विरल अम्लाने नष्ट करतात.

लिटमस व चुन्याची निवळी : लिटमस हे दगडफुलापासून मिळणारे रंजक आहे. वायू पाण्यात विरघळल्याखेरीज त्याची अम्लता किंवा क्षारकता प्रकट होत नाही, त्यामुळे कागद ओला करूनच वापरतात. सामान्य वायूंपैकी ओला तांबडा लिटमस निळा करणारा वायू अमोनिया हाच होय. हायड्रोजन क्लोराइड, सल्फर डाय-ऑक्साइड, नायट्रोजन डाय-ऑक्साइड हे निळा लिटमस तांबडा करतात. कार्बन डाय-ऑक्साइड व हायड्रोजन सल्फाइड यांचा परिणाम क्षीण असतो. क्लोरीन प्रथम लिटमस तांबडा करून लगेच त्याचा रंग पूर्णपणे घालवितो.

कळीचा चुना पाण्यात विरवून वरचे स्वच्छ पाणी काढून घेतले की, चुन्याची निवळी मिळते. तिच्यातून कार्बन डाय-ऑक्साइड जाऊ दिल्यास अविद्राव्य कॅल्शियम कार्बोनेट तयार होऊन ती दुधाळ होते. वायू आणखी जाऊ दिल्यास विद्राव्य कॅल्शियम बायकार्बोनेट बनून ती पुन्हा निवळते. दुधाळपणा दिसला नाही म्हणून वायू नाही, असा निष्कर्ष काढण्यापूर्वी तो येऊन गेला का हे पाहणे जरूर असते. सल्फर डाय-ऑक्साइडही निवळी दुधाळ करतो. दोन्ही वायू एकत्र असल्याचा संशय असेल, तर मिश्रण आधी अम्लयुक्त पोटॅशियम डायक्रोमेटाच्या विद्रावातून नेतात. तेथे सल्फर डाय-ऑक्साइड अडून राहतो व पुढे येणाऱ्या वायूची चुन्याच्या निवळीने परीक्षा करतात.

विशिष्ट विक्रियाकारक : अम्लयुक्त पोटॅशियम डायक्रोमेटाने भिजविलेला नारिंगी कागद सल्फर डाय-ऑक्साइडाने हिरवा होतो, कारण या वायूमुळे डायक्रोमेटाचे क्षपण होऊन क्रोमिक लवण बनते. हायड्रोजन सल्फाइडही हाच बदल घडवितो, पण त्याबरोबर गंधकाचा पांढुरका गढूळपणा येतो. हायड्रोजन सल्फाइडाची निर्णायक चाचणी म्हणजे लेड ॲसिटेटाचा ओला कागद होय. लेड सल्फाइड तयार होऊन तो काळा पडतो. चांदीचे दागिने व जुने शिसेयुक्त पांढरे रंग काळवंडतात तेही याच वायूच्या अल्प अंशामुळे.

क्लोरिनाने पोटॅशियम आयोडाइड व स्टार्च यांचा ओला कागद निळा होतो. ओझोन व नायट्रोजन डाय-ऑक्साइड यांनीही तो निळा होत असल्याने रंग, वास व लिटमसाचे विरंजन यांची जोड या चाचणीला द्यावी लागते. संहत हायड्रोक्लोरिक अम्लात बुडविलेली काचकांडी अमोनियाजवळ नेल्यास अमोनियम क्लोराइडाचा दाट पांढरा धूर होतो. हीच चाचणी उलट करून, म्हणजे अमोनियाच्या विद्रावात बुडविलेली कांडी वापरून, हायड्रोजन क्लोराइड ओळखतात. त्याच्या विद्रावात सिल्व्हर नायट्रेट घातल्यास मिळणारा पांढरा साका अमोनियात विरघळतो. नगरपालिकांच्या जलशुद्धीकरण केंद्रांत क्लोरिनाच्या टाकीची गळती कोठे आहे हे शोधण्यासाठी अमोनियाच्या विद्रावाचा बोळा किंवा बाटली सांध्याजवळ फिरवितात, ती याच तत्त्वावर आधारलेली रीत आहे. अशा गळतीचे परिणाम किती दूरवर पोहोचतात हे मुंबईत शिवडी येथे जुलै २०१० मध्ये जुन्या क्लोरीन टाक्यांतून झालेल्या गळतीने दाखवून दिले.

काही सामान्य वायूंच्या ओळखखुणा पुढील कोष्टकात दिल्या आहेत. घनता हवेची घनता १ धरून स्थूलमानाने दिली आहे.

| वायू | रंग व वास | घनता | ओला लिटमस | निर्णायक चाचणी |
|---|---|---|---|---|
| हायड्रोजन | रंग-वास नाही | ०·०७ | बदल नाही | ‘पॉप्’ आवाज. ज्वलनाने केवळ पाणी |
| ऑक्सिजन | रंग-वास नाही | १·१ | बदल नाही | धुमसती काडी पेटते |
| नायट्रोजन | रंग-वास नाही | १·० | बदल नाही | मॅग्नेशियमाची चाचणी (पुढे पहा) |
| कार्बन डाय-ऑक्साइड | रंग नाही. वास जवळजवळ नाही | १·५ | क्षीण तांबडा | चुन्याची निवळी दुधाळ |
| कार्बन मोनॉक्साइड | रंग-वास नाही | १·० | बदल नाही | निळी ज्योत. ज्वलनाने केवळ कार्बन डाय-ऑक्साइड |
| मिथेन | रंग-वास नाही | ०·६ | बदल नाही | ज्वलनाने पाणी व कार्बन डाय-ऑक्साइड |
| अमोनिया | रंग नाही. झणझणीत | ०·६ | निळा | हायड्रोक्लोरिक अम्लाने पांढरा धूर |
| हायड्रोजन क्लोराइड | रंग नाही. तीव्र | १·३ | तांबडा | सिल्व्हर नायट्रेटाने पांढरा साका |
| हायड्रोजन सल्फाइड | रंग नाही. सडक्या अंड्यासारखा | १·२ | क्षीण तांबडा | लेड ॲसिटेट कागद काळा |
| सल्फर डाय-ऑक्साइड | रंग नाही. जळत्या गंधकासारखा | २·२ | तांबडा | डायक्रोमेट कागद हिरवा |
| क्लोरीन | पिवळसर हिरवा. गुदमरविणारा | २·५ | तांबडा, मग रंगहीन | स्टार्च-आयोडाइड कागद निळा व विरंजन |
| नायट्रोजन डाय-ऑक्साइड | तांबूस तपकिरी. तीव्र | १·६ | तांबडा | फेरस सल्फेटाचा विद्राव गडद तपकिरी |

चाचण्यांचा क्रम : अज्ञात वायूची परीक्षा करताना प्रथम रंग व वास, नंतर ओला लिटमस, त्यानंतर पेटती व धुमसती काडी, मग चुन्याची निवळी आणि शेवटी विशिष्ट विक्रियाकारक असा क्रम ठेवतात. प्रत्येक पायरीवर काही शक्यता वगळल्या जातात व अखेरची चाचणी उरलेल्या एकदोन शक्यतांपैकी एक निश्चित करते. प्रत्येक चाचणीबरोबर केवळ हवा घेऊन तीच कृती करून पाहावी (कोरी चाचणी). बराच काळ उघडी राहिलेली चुन्याची निवळी हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडानेच गढूळ झालेली असते, ही गोष्ट कोऱ्या चाचणीत लगेच ध्यानात येते.

नायट्रोजन व निष्क्रिय वायू : नायट्रोजन काडी विझवितो, स्वतः जळत नाही, लिटमस व चुन्याची निवळी यांवर परिणाम करीत नाही. त्याची ओळख मुख्यतः नकारात्मक चाचण्यांच्या बेरजेवरून होते. निश्चित पुराव्यासाठी त्यात जळती मॅग्नेशियमाची फीत धरतात. ती जळत राहून मॅग्नेशियम नायट्राइड बनते व त्यावर पाणी टाकल्यास अमोनिया निघून तांबडा लिटमस निळा होतो. कार्बन डाय-ऑक्साइडातही मॅग्नेशियम जळते, परंतु तेथे कार्बनाचे काळे कण मागे राहतात. आर्‌गॉन, हीलियम इ. निष्क्रिय वायूंपुढे साधी रासायनिक परीक्षा थांबते. त्यांची ओळख वर्णपटावरून पटवावी लागते. हीलियमाची पिवळी वर्णरेषा १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी भारतात घेतलेल्या निरीक्षणांत दिसली. गुंटूर येथे प्येअर झांसेन यांनी केलेली निरीक्षणे त्यांपैकी प्रसिद्ध आहेत.

प्रयोगशाळेतील दक्षता : क्लोरीन, हायड्रोजन सल्फाइड, सल्फर डाय-ऑक्साइड व नायट्रोजन डाय-ऑक्साइड हे विषारी वायू धुराड्याच्या कपाटात किंवा मोकळ्या हवेत, परीक्षानलिकेपुरत्या अल्प प्रमाणातच तयार करावेत. ज्वलनशील वायूच्या मोठ्या साठ्याला कधीही काडी लावू नये. एका लहान परीक्षानलिकेत नमुना घेऊन तो उपकरणापासून दूर नेऊन पेटवावा. कार्बन मोनॉक्साइड शाळेच्या प्रयोगशाळेत तयार करू नये. रक्तातील हीमोग्लोबिनाशी संयोग पावण्याची त्याची क्षमता ऑक्सिजनाच्या २०० पटींहून अधिक असून हवेत ०·१ टक्का एवढे प्रमाणही एकदोन तासांत प्राणघातक ठरू शकते.

विहिरी, पेवे व मैलाटाक्या : वरील चाचण्यांचा सर्वांत निकडीचा उपयोग प्रयोगशाळेबाहेर होतो. नांदेड जिल्ह्यातील हदगाव हा तालुका पैनगंगा व तिची उपनदी कयाधू यांच्या खोऱ्यात असून मराठवाड्याच्या इतर भागांप्रमाणे येथेही काळ्या कसदार मातीखाली मुरूम व काळा पाषाण (बेसाल्ट) आहे. शेती बऱ्याच अंशी विहिरींवर अवलंबून असते. मातीतील मुळे व सूक्ष्मजीव यांच्या श्वसनामुळे जमिनीतील पोकळ्यांत कार्बन डाय-ऑक्साइडाचे प्रमाण बाहेरच्या हवेपेक्षा पुष्कळ अधिक असते. हा वायू भेगांवाटे झिरपून, तसेच विहिरीत पडलेला पालापाचोळा कुजून, वापरात नसलेल्या अरुंद व खोल विहिरीच्या तळाशी साचतो. हवेच्या दीडपट जड असल्याने तो वारा पोहोचत नाही तेथे तसाच राहतो.

विहिरीतील धोका एकाच वायूचा नसतो. अपकेंद्री पंप व्यवहारात सु. ६ ते ७ मी. पेक्षा अधिक खोलीवरून पाणी ओढू शकत नाही, म्हणून पाणी खोल गेल्यावर डीझेल एंजिनासह पंप विहिरीतील ओट्यावर उतरविण्याची पद्धत होती. अशा वेळी धूर बाहेर न काढल्यास कार्बन मोनॉक्साइड विहिरीत कोंडतो. विहीर खोल करताना उडविलेल्या सुरुंगांच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडाबरोबर नायट्रोजनाची ऑक्साइडेही असतात. मराठवाड्यात १९७२ च्या दुष्काळानंतर विहिरी खोल करण्याची कामे मोठ्या प्रमाणावर झाली. सुरुंगानंतर तपकिरी धूर दिसत असताना खाली उतरणाऱ्यास त्या वेळी फारसा त्रास जाणवत नाही. पण काही तासांनी, प्रसंगी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसांत पाणी साठून तो दगावू शकतो.

पेवांची गोष्टही अशीच आहे. जमिनीखालील बंद पेवात साठविलेले धान्य श्वसन करीत राहते, ऑक्सिजन संपत जातो आणि कार्बन डाय-ऑक्साइड वाढतो. किडीपासून धान्याचे रक्षण होते ते याचमुळे, व माणसाला धोका निर्माण होतो तोही याचमुळे. सांगलीजवळ हरिपूर येथील हळदीची पेवे प्रसिद्ध होती. त्यांपैकी बरीच २००५ च्या महापुरात निकामी झाली. पेव उघडल्यावर काही तास थांबून, आत कंदील सोडून मगच उतरण्याचा तेथील रिवाज म्हणजे ज्वलनाच्या चाचणीचाच लोकव्यवहारातील अवतार होय.

मात्र कंदिलाच्या चाचणीचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे. हवेतील ऑक्सिजनाचे प्रमाण सु. २१ टक्क्यांवरून १६-१७ टक्क्यांच्या आसपास उतरले की, ज्योत विझते. दिवा विझला, तर तेथे उतरू नये हा निष्कर्ष निरपवाद आहे. दिवा जळत राहिला, तर मात्र जागा निर्धोक आहे असे म्हणता येत नाही. कारण कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सल्फाइड हे ज्योतीवर काहीही परिणाम न करणाऱ्या अल्प प्रमाणातही जीव घेतात. तिसरी गोष्ट अशी की, गोबर वायू संयंत्र, शेणकाल्याचा खड्डा, मैलाटाकी व गटार यांत दिवा सोडूच नये. गोबर वायूत सु. ५० ते ६५ टक्के मिथेन असून उरलेला भाग मुख्यत्वे कार्बन डाय-ऑक्साइडाचा व अत्यल्प हायड्रोजन सल्फाइडाचा असतो. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असल्यास मिश्रणाचा स्फोट होतो. साध्या विहिरीत माणसाला वाचविणारी चाचणी येथे स्वतःच अपघाताचे कारण ठरते.

एप्रिल २०२४ मध्ये अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यातील वाकडी येथे, शेणकाला साठविलेल्या जुन्या विहिरीत पडलेल्या मांजराला काढण्यासाठी उतरलेल्या व एकमेकांना वाचविण्यासाठी पाठोपाठ गेलेल्या पाच जणांचा मृत्यू झाला. कमरेला दोर बांधून उतरलेल्या सहाव्याला वर ओढून वाचविता आले. अशा बहुतेक अपघातांत पहिल्या माणसापेक्षा त्याला काढण्यासाठी धावणाऱ्यांचे बळी अधिक जातात. ऑक्सिजन फारच कमी असलेल्या हवेत एकदोन श्वासांतच शुद्ध हरपते. त्यामुळे श्वास रोखून किंवा तोंडाला ओले फडके बांधून उतरणे निरर्थक असते. ओले फडके हवेत नसलेला ऑक्सिजन निर्माण करीत नाही.

साध्या विहिरीतील कार्बन डाय-ऑक्साइड घालविण्यासाठी नळीवाटे तळापर्यंत हवा सोडणे हा उत्तम उपाय होय. पालेदार फांद्यांचा भारा दोराने वरखाली करणे, उंचावरून पाणी शिंपडणे किंवा विरविलेल्या चुन्याचे पाणी फवारणे या रीतींनीही हवा काही अंशी खेळती होते. चुन्याच्या पाण्यात कार्बन डाय-ऑक्साइड शोषला जातो. यानंतर पुन्हा चाचणी करणे आवश्यक असते. मैलाटाक्या व गटारे यांच्या बाबतीत, संरक्षक साधनांशिवाय माणसाला सफाईसाठी उतरविण्यास २०१३ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे.

आधुनिक साधने : कार्बन मोनॉक्साइडासाठी पूर्वी पॅलाडियम क्लोराइडाचा कागद (या वायूने तो काळा पडतो) व खाणींत पिंजऱ्यातील कॅनरी पक्षी वापरीत, जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १८९० नंतरच्या दशकात सुचविलेली ही दुसरी पद्धत ब्रिटनमधील खाणींत १९८६ पर्यंत चालू होती. आता विद्युत् रासायनिक संवेदक, ज्वलनशील वायूंसाठी तापलेल्या उत्प्रेरकावर चालणारे संवेदक आणि कार्बन डाय-ऑक्साइडासाठी अवरक्त किरणांच्या शोषणावर आधारलेली उपकरणे उपलब्ध आहेत. ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सल्फाइड या चारांचे प्रमाण एकाच वेळी दाखविणारे हातात मावेल असे उपकरण बंदिस्त जागेतील कामासाठी रूढ आहे. मिश्रणातील घटक वेगळे करून मोजण्यासाठी वायु-वर्णलेखनाचा उपयोग करतात.

या उपकरणांमागील तर्क परीक्षानलिकेतील चाचण्यांहून वेगळा नाही. प्रत्येक संवेदक ठराविक वायूलाच प्रतिसाद देतो व ज्याच्यासाठी तो बनविलेला नाही त्या वायूविषयी मौन पाळतो. म्हणून बंदिस्त जागेची हवा बाहेरूनच, नळी सोडून, वरच्या, मधल्या व तळाच्या अशा तीन पातळ्यांवर तपासतात. मिथेन वर, कार्बन डाय-ऑक्साइड व हायड्रोजन सल्फाइड तळाशी अधिक असण्याचा संभव असतो. ऑक्सिजनाचे प्रमाण १९·५ टक्क्यांपेक्षा कमी आढळल्यास आत प्रवेश करीत नाहीत. गाळ ढवळला गेल्यावर त्यात अडकलेला वायू एकदम मोकळा होत असल्याने काम चालू असेपर्यंत तपासणी चालू ठेवावी लागते आणि उतरणाऱ्याच्या कमरेचा दोर धरून एक माणूस वर उभा असावा लागतो.